हिरव्या पाटीचा मालक

रत्नागिरीत विजेवर चालणारी आलिशान मोटार बाळगणारा गृहस्थ दुरूनही ओळखता येतो. त्याच्या गाडीची नंबरपाटी हिरवी असते, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत एमएच-०८ असते, आणि कुणाच्या अंगणात उतरला की तो आधी यजमानांकडे न पाहता ओटीच्या भिंतीकडे पाहतो. भिंतीवर पंधरा अँपिअरचा सॉकेट दिसला तर मुक्काम वाढतो. नाही दिसला तर चहा उभ्यानेच होतो.

हा गृहस्थ बहुधा हापूसचा मोठा बागायतदार, स्वतःचे हॉस्पिटल असलेला डॉक्टर किंवा सरकारी कंत्राटदार असतो. मुंबई-ठाण्यात बस्तान बसलेला आणि गणपतीला व शिमग्याला न चुकता येणारा चाकरमानी ही त्याचीच हंगामी उपजात. गाडीची किंमत साठ लाखांच्या आसपास सुरू होते आणि दीड कोटी ओलांडूनही थांबत नाही. एवढी रक्कम मोजणारा माणूस उधळ्या असेल, असे परगावच्या माणसाला वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. रत्नागिरीत कोटीची गाडी मिरवण्यासाठी घेतली तर आळीत आठवडाभर कुजबुज होते. तीच गाडी पेट्रोल वाचवते म्हणून घेतली तर मालक हिशेबी ठरतो. विजेच्या मोटारीने पैसेवाल्या कोकणी माणसाची जुनी अडचण सोडवली. काटकसर न मोडता त्याला ऐष करता येऊ लागली. तिचे पुढचे सगळे फायदे-तोटे या एका सोयीतून निघतात.

काटकसरीची सुरुवात शोरूममध्येच होते. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, तर त्याच तोलाच्या डिझेल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. हा फरक तो ‘वाचलेले पैसे’ म्हणून सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा घटकाभर असा समज होतो की ही रक्कम सरकारने त्याच्या खात्यात जमा केली आहे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के कर लावायचा बेत जाहीर केला, तेव्हा या वर्गाच्या आयुष्यात प्रथमच आंदोलनाचा विचार डोकावला. त्याच महिन्यात तो बेत मागे घेतला गेल्याने रत्नागिरीचा जयस्तंभ एका अभूतपूर्व मोर्चाला मुकला.

मग रोजच्या खर्चाचा हिशेब. मुंबई साधारण ३४० किलोमीटर. गाडी युनिटला पाच किलोमीटर धावली तर सत्तरेक युनिट लागतात. घरची वीज दहा रुपयांनी धरली तर सातशे रुपये. तेवढ्याच वजनाच्या डिझेल गाडीला पावणेतीन हजार तरी लागले असते. म्हणजे एका खेपेला दोन हजारांची बचत. हा आकडा तो लग्नात, बाराव्याला आणि बँकेच्या रांगेत सारख्याच उत्साहाने सांगतो. एखादा हिशेबी भाचा मात्र हळूच पुढचा भागाकार करतो. कोटीची गाडी दोन-दोन हजारांनी वसूल व्हायला मुंबईच्या पाच हजार खेपा माराव्या लागतील, म्हणजे सतरा लाख किलोमीटर. चंद्र पृथ्वीपासून पावणेचार लाखांच्या थोडा पुढेच आहे. भाच्याला त्या दिवसापासून गाडीत मागे बसवतात.

गाडी घरी येते आणि पहिली लढाई जमिनीशी होते. मोठ्या बॅटरीत शंभरेक युनिट मावतात. साध्या सॉकेटवरून ती भरायला दीड दिवस जातो, म्हणून भिंतीवर अकरा किलोवॅटचा चार्जर बसवायचा असतो. त्याला थ्री फेज जोडणी लागते आणि मंजूर भार वाढवावा लागतो. एक पंप, चार पंखे आणि देवघरातला झिरोचा दिवा एवढ्यावर दोन पिढ्या काढलेल्या घराचा अर्ज पाहून महावितरणचा माणूस ‘आटाचक्की टाकताय काय?’ असे विचारतो. अर्ज मंजूर होतो, चार्जर बसतो, आणि लाल दिवा लावून गप्प राहतो. कारण अर्थिंग. जांभ्या दगडाच्या सड्यावर, विशेषतः उन्हाळ्यात, जमिनीत ओल नसते आणि वीज जमिनीत नीट उतरत नाही. जुन्या घरांतल्या पंख्यांनी आणि मिक्सरने हे कधी मनावर घेतले नव्हते. परदेशी गाडी घेते. अर्थिंग समाधानकारक नसेल तर ती एक युनिटही पोटात घेत नाही. मग वायरमन येतो, खड्डा खणला जातो, त्यात मीठ आणि कोळसा भरला जातो, वर पाण्याचा पाइप सोडला जातो. दीड कोटीच्या गाडीसाठी घरच्या आईला उन्हाळाभर रोज बादलीभर पाणी एका खड्ड्यात ओतावे लागते. पाहुण्यांना ते कुठले तरी व्रत वाटते.

वायरमनचे स्थान या गृहस्थाच्या आयुष्यात वेगळ्या परिच्छेदाला पात्र आहे. पूर्वी तो गणपतीच्या आधी माळा लावायला येई आणि पायरीवर बसून चहा घेई. आता त्याला खुर्ची मिळते. ‘काका, एक फेज गेलीय’ किंवा ‘डीपीवर फ्यूज उडालाय, उद्या बघतो’ एवढे तो फोनवर म्हणाला की मुंबईची मीटिंग, कोल्हापूरचे लग्न आणि गणपतीपुळ्याचे दर्शन एकदम पुढे ढकलले जाते. बागायतदाराने आजवर फक्त मोहोर आणि ढग यांच्यापुढे मान तुकवली होती. त्यात हा तिसरा वाढला.

खरे तर विजेच्या बाबतीत रत्नागिरी जिल्हा चांगलाच श्रीमंत आहे. कोयनेचे पाणी चिपळूण तालुक्यात पोफळीला येऊन वीज देते, जयगडला कोळशावर १,२०० मेगावॅटचे केंद्र आहे, एन्रॉनमुळे गाजलेला दाभोळचा गॅसवरचा प्रकल्प गुहागर तालुक्यात आहे आणि जैतापूरला सुमारे दहा हजार मेगावॅटची अणुवीज कित्येक वर्षे येऊ घातली आहे. एवढे सगळे असूनही जूनच्या पहिल्या वाऱ्यात फणसाची एक फांदी तारेवर पडली की आळीतले लाईट जातात. निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) या वादळांनी तर जिल्ह्याच्या काही भागांना दिवसेंदिवस अंधारात बसवले. घरावर सौर पॅनेल टाकण्याचा उपाय एप्रिलमध्ये उत्तम चालतो. जुलैत तो पॅनेल धुऊन काढण्यापुरता उरतो, कारण इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच महिन्यात येतो. ‘पर्यावरणासाठी घेतली’ हे वाक्य तो जयगडच्या चिमणीच्या दिशेला पाठ करूनच म्हणतो.

रस्त्यावर आल्यावर त्याला एकच प्रश्न सतावतो. मारुती मंदिरच्या सर्कलला, साळवी स्टॉपला, मांडवीच्या जेटीवर, कुणीही भेटो, प्रश्न ठरलेला: ‘किती देते?’ महाराष्ट्रात गाडीविषयी विचारण्यासारखे एवढेच असते आणि त्याचे उत्तर लिटरमागे किलोमीटर असेच असावे लागते. ‘युनिटला पाच’ म्हटले तर समोरच्याचा चेहरा पडतो. पाच तर ट्रकही देतो. मग मालक सावरून म्हणतो, ‘एकदा भरली की कंपनी साडेसहाशे सांगते.’ ‘आणि खरी?’ या पुढच्या प्रश्नाला तो गाडी सुरू करतो. ती आवाज न करता सुरू होत असल्याने विचारणारा काही वेळ तसाच उभा राहतो.

कंपनीचे साडेसहाशे आणि रत्नागिरीचे साडेचारशे यांतले दोनशे कुठे जातात, हे सांगायला मोठे शास्त्र नको. अंतराचे ते आकडे ठरावीक साच्याच्या चाचणीतले असतात. त्या चाचणीत परशुराम घाट नसतो, मे महिन्यातला एसी नसतो आणि मागच्या सीटवर दोन आत्यांसह तांदळाचे पोते नसते. त्यामुळे मुंबईहून येताना हा गृहस्थ संगमेश्वर ओलांडेपर्यंत रस्त्यापेक्षा टक्क्यांकडे जास्त पाहतो. तीस टक्क्यांवर गाणी बंद होतात. वीस टक्क्यांवर एसी बंद होतो आणि ‘बाहेरची हवा किती छान आहे’ असे कुटुंबाला सांगितले जाते. अठरा टक्क्यांवर कुटुंब बोलणे बंद करते. निवळीला आल्यावर ‘पोचतोय’ असे तो पुटपुटतो, आणि हातखंब्याच्या तिठ्याला उजवे वळण घेताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते ते डिझेलवाल्याच्या नशिबी नाही. डिझेलवाला फक्त घरी पोचतो.

मुंबई-गोवा महामार्गावरचे चार्जिंग हा प्रवासातला प्रवास असतो. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशक उलटून गेल्यावरही पुरे झाले नव्हते. चार्जरचे काम त्यामानाने खूपच लवकर झाले. महाड-चिपळूणच्या हॉटेलांत आता चार्जरची ‘गन’ मिळते. ती रिकामी असेल तर तासाभरात गाडी बऱ्यापैकी भरते. शेजारी दुसरी गाडी लागली तर बहुतेक ठिकाणी वीज दोघांत वाटली जाते, आणि दोन कोट्यधीश एकमेकांच्या टक्क्यांकडे पाहत एकाच टेबलावर कांदाभजी खातात. प्रत्येक कंपनीचे ॲप निराळे, प्रत्येकात आधी पैसे भरायचे. दोनशे रुपये इथे, एकशे चाळीस तिथे, असे पाच ॲपांत मिळून अडकलेले सात-आठशे रुपये त्याला रात्री झोपू देत नाहीत. गाडीच्या विम्याचा लाखांतला हप्ता भरताना तो इतका हळहळत नाही.

ठाण्याच्या चाकरमान्याची आणखी एक तऱ्हा नोंदवण्यासारखी आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू यांवर टोलमाफी दिली. यांतला एकही रस्ता रत्नागिरीला येत नाही. पण माफी वाया घालवणे रक्तात नसल्याने तो ठाण्याहून सरळ पनवेलला न जाता आधी शिवडीला जातो, तिथून अटल सेतू ओलांडतो आणि अडीचशे रुपये वाचवतो, जे सरळ रस्त्याने त्याला द्यावेच लागले नसते.

घाटाची गोष्ट मात्र कौतुकाची. कोल्हापूरहून आंबा घाट उतरताना ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत जाते आणि टक्का वाढतो. अडीच टनांची गाडी ५०० मीटर खाली आली की हिशेबाने साडेतीन युनिटांच्या आसपास ऊर्जा सुटते. वारा आणि टायर आपला वाटा घेतात, दोनेक युनिट बॅटरीत उरतात. किंमत वीस रुपये. हे वीस रुपये तो साखरप्याला थांबून चहावर खर्च करतो आणि चहा फुकट झाला असे मानतो. जाताना घाट चढायला लागलेली वीज या हिशेबात धरत नाहीत.

गावात गेल्यावर आणखी अडचणी निघतात. अनेक वाड्यांतली घरे पाखाडीच्या खाली असतात आणि जांभ्याच्या पायऱ्या उतरणारी गाडी अजून कुणी बनवलेली नाही. गाडी वर रस्त्यावर राहते, वीज खाली घरात. जिथे गाडी अंगणापर्यंत जाते तिथे सावलीचा प्रश्न येतो. आलिशान गाडीचे छप्पर काचेचे असते आणि कोकणातली सावली फळांची असते. माड माणसाच्या डोक्यावर कधी नारळ टाकत नाही, अशी इथली जुनी श्रद्धा आहे. काचेच्या छपरालाही ती लागू आहे का, हे पाहायची कुणाची छाती होत नाही. म्हणून गाडी उन्हात उभी राहते. तिथे वांदर येतात, चकाकत्या काचेत दुसरा वांदर दिसतो आणि पुढचे वर्णन विम्याच्या अर्जात वाचायला मिळते.

गाडी नादुरुस्त झाली तर गावचा मेकॅनिक बॉनेट उघडून पाहतो आणि आदराने मिटतो. काही मॉडेलांत तर मालकालाही बॉनेट उघडायची मुभा नसते. तिला दोरी बांधून ओढत नेता येत नाही. चारही चाके उचलणारा सपाट ट्रक घाटापलीकडून मागवावा लागतो. तो येईपर्यंत गाडीभोवती जमलेल्या मंडळींपैकी एक तरी जण ‘धक्का मारून बघू या’ असे सुचवतोच.

या सगळ्यातून गाडीचे गुण मात्र खोटे ठरत नाहीत. ती चालवायला विलक्षण सुखाची असते. आरे-वारेच्या किनाऱ्याने संध्याकाळी काचा खाली करून गेले तर लाटांचा आवाज आत येतो, ही गोष्ट डिझेलमध्ये कधी साधली नव्हती. चढावर ती कुंथत नाही. गिअर नाही, क्लच नाही, तेल बदलणे नाही. रांगेत उभ्या उभ्या एसी चालतो आणि धूर निघत नाही. एकच गैरसोय म्हणजे गुरे. पावसाळी रात्री ती कोरड्या डांबरावर बसतात आणि डिझेलच्या घरघरीला उठतात. कंपनीने बसवलेली मंद गुणगुण ऐकून ती अधिकच स्वस्थ होतात.

राहता राहिली बॅटरी. तिला बहुधा आठ वर्षांची हमी असते. हमीनंतर अशी गाडी कोण घेईल, आणि घेतली तर काय भावाने, हे सांगणारा बाजार रत्नागिरीत अजून उभा राहिलेला नाही. त्यामुळे मालक सातव्या वर्षी विकण्याचा बेत करतो आणि तूर्त मागच्या पडवीतली जुनी डिझेल इनोव्हा ठेवून देतो. आंब्याच्या पेट्या, पेंढा, गवंडी, आजारी म्हैस आणि रात्री लाईट गेलेले असताना आलेली बाळंतीण यांच्यासाठी ती लागते. तिचा विमा तो दर वर्षी मुदतीच्या आधी भरतो.