दोन जामीनदार आणि एक सून

रेडिंग, इंग्लंड
रविवार, दुपार

ती. अप्पांस,


परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "धोका शिकायला एवढी फी भरून विद्यापीठात कशाला जायचं? आमच्या बँकेच्या शाखेत मार्चची वसुली बघितली असती, तरी फुकटात आलं असतं." फोन स्पीकरवर होता आणि सूनबाई भांडी लावत होती. पुढे घरात जे सुरू झालं ते स्पीकरवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. आईला मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही, फक्त जामीनदारांचा भाग आधी तुम्ही एकट्याने वाचा.

कोर्सचं नाव एमएस्सी इन फायनान्शिअल रिस्क मॅनेजमेंट. वर्षभराचा आहे. वर्गातली पोरं तिच्या भाच्याच्या वयाची, निम्म्यांना शेवटची मंदी आठवतही नाही. विद्यापीठात चक्क डीलिंग रूम आहे, प्रत्येकापुढे दोन-दोन स्क्रीन. पैसे खोटे, भाव मात्र खऱ्यासारखे हलतात. मागच्या आठवड्यात तिथे दुपारी लाखो पौंड घालवून आली, चेहऱ्यावर सुरकुती नाही. आणि त्याच संध्याकाळी दुकानात कोथिंबिरीची जुडी दीड पौंडाला म्हटल्यावर "लूट आहे" म्हणून परत ठेवली.

आता विषय काय ते थोडक्यात. सगळ्याच्या मुळाशी 'व्हॅल्यू ॲट रिस्क' नावाचा एक आकडा. जेपी मॉर्गन बँकेचे तेव्हाचे प्रमुख डेनिस वेदरस्टोन यांनी हाताखालच्यांना सांगितलं होतं, की रोज सव्वाचारला एका कागदावर मला कळलं पाहिजे, उद्या आपण जास्तीत जास्त किती बुडू शकतो. त्यातून ही पद्धत रुळली आणि १९९४ मध्ये बँकेने ती सगळ्यांना खुली केली. मागचे आकडे घ्यायचे आणि सांगायचं, की ९९ टक्के खात्रीने उद्याचा तोटा अमुक रकमेवर जाणार नाही.

सूनबाईने हे आमच्या घरखर्चाला लावलं. बँकेची जुनी स्टेटमेंटं काढून रात्री दोनपर्यंत एक्सेल केलं आणि फ्रिजवर कागद चिकटवला: '९५ टक्के खात्रीने महिन्याचा जादा खर्च २०० पौंडांच्या आत.' पुढच्याच आठवड्यात बॉयलर गेला. बाहेर बर्फ, घरात आम्ही तिघं कोट घालून, आणि बिल कागदावरच्या आकड्याच्या कितीतरी पुढे. मी कागदाकडे नुसतं बोट दाखवलं. ती शांतपणे म्हणाली, "हा उरलेल्या पाच टक्क्यांतला महिना." पाच टक्क्यांतला असेल तर किती बुडणार, हे कागदावर का नाही? तर म्हणे, तो आकडा ते सांगतच नाही! फक्त दार कुठे आहे ते सांगतो, दारापलीकडे खड्डा किती खोल ते नाही. बँकांचे नियम ठरवणाऱ्या खुद्द बासेलच्या समितीलाही हे पटायला बरीच वर्षं लागली. आता नव्या नियमांत त्या खड्ड्याची सरासरी मोजतात आणि तिला 'एक्सपेक्टेड शॉर्टफॉल' म्हणतात. त्यामुळे आमच्या फ्रिजवर दुसरा कागद लागला.

तिसरा कागद माझ्यासाठी आहे. बँकेचं गणित किती वेळा चुकलं यावर बासेलच्या समितीने सिग्नल लावून दिलाय. २५० दिवसांत चार चुकांपर्यंत हिरवा, पाच ते नऊ पिवळा, दहा झाल्या की लाल. पिवळ्यापासूनच भांडवल वाढवून ठेवावं लागतं. मी रोज सकाळी जाताना "सहापर्यंत येतो" म्हणतो, ते तिने या नियमात बसवलं. सध्या माझ्या नावापुढे पिवळं मॅग्नेट आहे. रेल्वे उशिरा सुटली तरी ती चूक माझ्याच खात्यावर. भांडवल वाढवायचं म्हणजे शनिवारी टॉयलेट घासायचं, हे तिने समितीला न विचारता ठरवलंय.

अप्पा, एका बाबतीत मात्र तुमचा मान तिने वर्गात राखला. बेरिंग्ज बँकेचं प्रकरण चालू होतं. १७६२ सालची बँक, राणीचं खातं असलेली. सिंगापूरच्या शाखेत निक लीसन नावाचा तिशीच्या आतला पोरगा. त्याने ८८८८८ नंबरचं एक खातं उघडलं आणि तोटा त्यात ढकलत गेला. मग जपानचा निर्देशांक जागचा हलणार नाही या भरवशावर मोठमोठे सौदे केले. १७ जानेवारी १९९५ ला कोबेला भूकंप झाला, निर्देशांक कोसळला. ते भरून काढायला याने आणखी खरेदी केली. फेब्रुवारीच्या शेवटी सुमारे ८३ कोटी पौंड गेले होते आणि बँक एका डच कंपनीने एक पौंडाला घेतली. (म्हणजे ती कोथिंबीर महागच होती.)

मास्तरांनी विचारलं, मूळ दोष कुठला? पोरं भूकंपाची शक्यता काढायला लागली. सूनबाईने हात वर केला आणि म्हणाली, माझ्या सासऱ्यांच्या शाखेत तिजोरीला दोन किल्ल्या असायच्या, एक मॅनेजरकडे, एक कॅशिअरकडे, आणि दोघं एकत्र आल्याशिवाय ती उघडत नसे. इथे सौदा करणारा तोच आणि सौद्याचा हिशेब लिहिणाराही तोच. मास्तर म्हणाले, उत्तर हेच. तेव्हा तुमच्या शाखेच्या तिजोरीचा उल्लेख इंग्लंडातल्या एका विद्यापीठात झाला आहे. आत्याला जरूर सांगा.

बाकी या विषयात अभ्यासापेक्षा किस्से जास्त, असं माझं मत झालंय. सूत्रं कागदावर, पण जेवताना चर्चा कोण कसा बुडाला याचीच. नॉर्दर्न रॉक नावाची बँक घराच्या किमतीच्या १२५ टक्के कर्ज द्यायची. शंभराला सव्वाशे! अप्पा, हे बसून वाचा. कर्जाला लागणारा पैसाही ठेवीदारांचा थोडा, बाजारातून उचललेलाच जास्त. तो २००७ मध्ये आटला आणि सप्टेंबरात ठेवीदार दारात आले. एवढ्या गोंधळातही इंग्रज शिस्तीत रांगेत उभे होते, मधे घुसणारा कोणी नाही. २०१२ मध्ये जेपी मॉर्गनच्याच लंडन ऑफिसात सहा अब्ज डॉलरहून जास्त बुडाले. धोका मोजायचं काम तिथे एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करून चालायचं, आणि सूत्रात सरासरीने भागायच्या ठिकाणी बेरजेने भागलं होतं. हे कळल्यापासून ती रोज रात्री आपलं एक्सेल तपासते.

आता तो जामीनदारांचा भाग.

दोन जामीनदारांशिवाय कर्ज नाही, हा तुमचा नियम मीच तिला कौतुकाने सांगितला. तिने चहा बाजूला ठेवला.
"कर्जदार कोण?"
"ऊसवाला."
"पहिला जामीनदार?"
"त्याचा चुलतभाऊ. ऊसवालाच."
"दुसरा?"
"शेजारच्या शिवारातला."
"ऊस?"
"ऊस."
"आणि तिघांचा ऊस जातो कुठे?"
एकाच कारखान्याला, अप्पा. कारखान्याने बिलं थकवली की तिघांचे हात एकाच दिवशी वर. "म्हणजे अप्पांकडे जामीनदार दोन नव्हतेच," ती म्हणाली, "शून्य होते."

यालाच म्हणे कोरिलेशन म्हणतात. अमेरिकेत २००८ च्या आधी हेच झालं. वेगवेगळ्या राज्यांतली घरकर्जं एकत्र बांधली, सगळीकडचे लोक एकाच वेळी थोडेच बुडणार, असा हिशेब मांडला, आणि त्यावर सर्वोत्तम दर्जाचा शिक्का मारला. या हिशेबाचं सूत्र डेव्हिड ली यांनी २००० साली लिहिलं. त्याची प्रेरणा विम्याच्या गणितातली: नवरा-बायकोपैकी एक गेलं, की मागोमाग दुसरं जाण्याची शक्यता वाढते. मी विचारलं, आपल्या दोघांत हे कोरिलेशन किती असेल? "डेटा अपुरा आहे," म्हणाली आणि पान उलटलं.

तुमची बाजू मी सोडली नाही बरं का. म्हटलं, अप्पांनी जामीनदाराच्या पैशावर कधी वसुली केलीच नाही. नोटीस निघाली की जामीनदार स्वतः कर्जदाराच्या ओट्यावर जाऊन बसायचा, आणि गावाला तोंड दाखवायची पंचाईत होऊन हप्ता यायचा. चांगल्या वर्षात बुडवणाऱ्याला तो धाक पुरत होता. कारखाना बसला, तर मात्र ओट्यावर बसून कोण काय करणार? सूनबाई बराच वेळ गप्प. मग वही काढून लिहून घेतलं. म्हणजे तुमचं निम्मं तिने मान्य केलं. माझ्यावर आजवर इतकी मेहेरबानी झालेली नाही.

चिरंजीवही तयार झाला आहे. एका पालकाकडून नकार आलाच तर दुसरा असावा, म्हणून टॅबची मागणी तो आमच्याकडे वेगवेगळी नोंदवतो. पण संकटात सगळी कोरिलेशनं एकाकडे धावतात, हे त्याला गणिताचे मार्क आले त्या संध्याकाळी कळलं.

तर मूळ काम असं. प्रबंधासाठी तिने हाच जामीनदारांचा विषय घेतला आहे. तुमच्या आठवणीतली कर्जप्रकरणं लागतील. नावं, गावं, खातेनंबर काहीही नको, फक्त पीक काय, जामीनदाराचं पीक काय, कारखाना तोच की दुसरा, थकलं कधी आणि शेवटी भरलं कोणी. ती रविवारी फोन करेल तेव्हा वही घेऊन बसा. "मी सगळ्यांना ओळखत होतो" हे उत्तर तिच्या तक्त्यात बसत नाही, असं तिने आधीच सांगून ठेवलंय.

आणि आईला निरोप. उन्हाळी सामान एका खोक्यात पाठवू नका, दोन करा. एक पोस्टाने, एक कुरिअरने, आठवड्याच्या अंतराने. खर्च दुप्पट होईल असं मी म्हटलं, तर तो हेजिंगचा, म्हणजे धोका झाकण्याचा, खर्च आहे असं उत्तर मिळालं. मेतकूट दोन्ही खोक्यांत निम्मं-निम्मं घालायचं. एकात सगळं मेतकूट आणि दुसऱ्यात सगळ्या कुरडया, असं आई नक्की करणार, आणि त्याला डायव्हर्सिफिकेशन म्हणत नाहीत, हे तुम्ही शेजारी उभं राहून बघायचं आहे.

ती. सौ. आईस सा. न.

तुमचा,
धाकटा