कात टाकलेले माजी विद्यार्थी

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. तेव्हापासून राज्यात इंजिनिअरही उदंड आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावेही. शाल-श्रीफळ स्वीकारून जो तो माईकवर सांगतो, 'मी स्वतःला नव्याने कसं घडवलं!' मेकॅनिकलवाला बँकेत, सिव्हिलवाला सॉफ्टवेअरमध्ये, इलेक्ट्रॉनिक्सवाला मिसळीच्या धंद्यात. पहिल्या रांगेतले प्राचार्यच सर्वांत जोरात टाळ्या वाजवतात. आपण शिकवलेलं कुणाच्याच कामी आलं नाही, हे त्यांच्या गावीही नसतं. मागून एकजण विचारतो, "सर, कात टाकायचीच होती, तर लाखभर फी भरून ती चढवायची कशाला?" सूत्रसंचालिका घाईने आभारप्रदर्शनाकडे वळते. बाहेर गरम वडापाव. त्याने स्वतःला अजिबात बदललेलं नाही. रांग मात्र त्याच्याचपुढे.