सर्किट

महाडात 'सर्किट' म्हटलं की दोन गोष्टी समजतात. एक, रेडिओच्या पोटातली हिरवी पट्टी. दुसरी, ज्याच्या डोक्यातली पट्टी कुठेतरी शॉर्ट झालीय असा माणूस. आमच्या भाऊंचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर आहे. तोंडावर ते भाऊ, पाठीमागे सर्किट, आणि मिक्सर बिघडला की पुन्हा भाऊ.

असा माणूस कोकणातल्या प्रत्येक बाजारपेठेत एक तरी असतो. ओळखायला सोपा. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर. उजव्या हाताच्या दोन बोटांवर सोल्डरने भाजल्याचे घट्टे. हा दुकानात जातो तो वस्तू घ्यायला नव्हे, ती उलटी करून बघायला. दुकानदाराने किंमत सांगितली की हसतो. "आत काय असतंय? चाळीस रुपयांचा माल!" मग तीच चाळीस रुपयांची वस्तू तो घरी बनवतो. वर्षभर लागतं आणि तीन हजार खर्च होतात.

भाऊंचा धंदा दुरुस्तीचा. पंखे, मिक्सर, टीव्ही, मंडळांचे ॲम्प्लिफायर. गिऱ्हाइकांची तक्रार बहुतेक एकच, "भाऊ, खरखरतोय." दिवसभर भाऊ लोकांच्या यंत्रांतली खरखर काढतात आणि रात्री जेवण झालं की स्वतःच्या यंत्रात खरखर घालायला बसतात. या दुसऱ्या खरखरीला ओव्हरड्राइव्ह म्हणायचं, खरखर म्हणायचं नाही. मी एकदा म्हटलं होतं. आमचा टेबलफॅन त्यानंतर अडीच महिने त्यांच्या माळ्यावर होता.

हे प्रकरण सुरू झालं बेंजोमुळे. भाऊ आमच्याकडच्या एका बेंजो पार्टीत बेस गिटार वाजवतात. आपला बेंजो म्हणजे अमेरिकेतला ढोलकीला दांडा लावलेला बँजो नव्हे. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थांनी टाइपरायटरसारखी बटणं लावून ताइशोगोतो हे वाद्य केलं. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, आणि आपल्या लोकांनी त्याला तारांचा आवाज टिपणारा पिकअप बसवून भोंग्याला जोडल्यावर त्याचा बेंजो झाला. आता रायगड जिल्ह्यात हळद लागते ती त्याच्याच साक्षीने. मोरितासाहेबांना हे कळलं असतं तर त्यांनी बटणं जरा मजबूत केली असती.

बेंजो, ऑक्टोपॅड, कीबोर्ड आणि नाशिक ढोल यांच्या मध्ये बेस गिटारवाला म्हणजे पंक्तीत मीठ वाढणारा. आहे तोवर कुणाचं लक्ष नसतं. तो चुकला तर मात्र "काहीतरी कमी पडतंय बुवा" एवढं सगळ्यांना कळतं, काय ते कळत नाही. भाऊंनी पाच वर्षं हे सोसलं. सहाव्या वर्षी गोरेगावकडच्या एका लग्नात नवऱ्याच्या मामाने त्यांना विचारलं, "तुम्ही त्ये धरून उभं हाय, वाजवनार कधी?" त्याच रात्री भाऊंनी ठरवलं, आता आवाज फोडायचा, आणि त्यासाठी लागणारा डबा, म्हणजे पेडल, घरीच बनवायचा.

यामागे शास्त्र आहे, आणि भाऊ ते गिऱ्हाईक बघून सांगतात. बेसची सगळ्यात जाडी तार सेकंदाला ४१ वेळा हलते. मंडपातल्या भोंग्याला एवढं खोल काही काढताच येत नाही. पण आवाज थोडा फोडला की त्यातून ८२, १२३, १६४ अशी वरची पिल्लं निघतात. ती भोंग्यातून बाहेर पडतात आणि ऐकणाऱ्याचा कान मुळातला ४१ स्वतःच भरून घेतो. "वीरेश्वराच्या छबिन्याला देव कुणाला दिसतो का? गर्दीच्या वर पालखीचा गोंडा दिसतो. आपण हात जोडतोच ना?" भाऊंचं हे उदाहरण मला इतकं पटलं, की पुढचा तास मी ऐकून घेतला.

आवाज फोडायचा म्हणजे काय करायचं, तेही त्यांनी कोकणातच बसवलं. जुन्या घराचं दार ठेंगणं. बुटका माणूस सुखरूप आत येतो, उंचाचं कपाळ आपटतं. ते आपटणं म्हणजे ओव्हरड्राइव्ह. आवाजाची लाट उंच झाली की डायोड तिचं डोकं छाटतो. साध्या सिलिकॉन डायोडचं दार ०.६ व्होल्टचं, लाल एलईडीचं पावणेदोनच्या आसपास. भाऊंनी एलईडी लावले. ते गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या माळेतून काढलेले असल्यामुळे ती माळ अर्धीच पेटते, आणि भाऊंनी जोरात वाजवलं की डब्यात दिवाळी होते.

पहिलं मॉडेल मात्र साफ पडलं. भाऊंनी जपानी ट्यूब स्क्रीमरचा नकाशा मिळवला होता. १९७९ च्या सुमारासचा हा पेडल गिटारवाल्यांना देवाच्या ठिकाणी. आत ४५५८ नावाची आठ पायांची आयसी. ती मिळवायला भाऊ एसटीने मुंबईला गेले आणि लॅमिंग्टन रोडवर संध्याकाळपर्यंत हरवले. गेले होते एका आयसीला, आले पिशवी घेऊन. तो खर्च वहिनींच्या वहीत 'मुंबई, दवाखाना' या मथळ्याखाली आहे. जोडणी झाली, तार छेडली, आणि म्हशीने शीळ घालावी तसा आवाज आला. खालचं सगळं गायब. भाऊ तीन रात्री त्या पट्टीकडे बघत बसले. चौथ्या रात्री उमगलं, की तो नकाशा ७२० च्या खालच्या सुरांना फोडणीच देत नाही. गिटारला ते शोभतं, बेसचं सगळं घराणंच त्याखाली नांदतं. मग भाऊंनी ४७३ नंबरचा कॅपॅसिटर काढून ४७४ चा लावला. नंबरात एकाचा फरक, माल दहापट, ७२० चे ७२ झाले. या शोधाच्या आनंदात त्यांनी मला पहाटे साडेपाचला उठवलं.

तरीही गंमत येईना. तेव्हा वहिनी बोलल्या. वहिनी ओव्हरड्राइव्हबद्दल फारशा बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा भाऊ लिहून घेतात. त्या म्हणाल्या, "नुसती फोडणी कोण खातं? खाली वरण नको?" भाऊंनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन वाटा झाल्या. एकीतून कोरा आवाज जातो, दुसरीतून फोडलेला, आणि शेवटी एका बटणाने दोन्ही हवे तसे मिसळायचे. परदेशी कंपन्या या बटणाला ब्लेंड म्हणतात. भाऊंच्या पेडलवर तिथे काळ्या मार्करने 'वरण' लिहिलंय.

फोडण्याआधी आवाज उचलून घेणाऱ्या प्रीअॅम्पचं काम त्यामानाने सोपं गेलं. पिकअपचा झरा बारीक असतो. बारीक झऱ्याच्या विहिरीला मोठा पंप लावला की चिखलच येतो, म्हणून तोंडाशी दहा लाख ओहमचा रोध ठेवून आवाज हळू उपसायचा. नऊ व्होल्टच्या सेलचे दोन सारख्या रोधांनी साडेचार-साडेचार भाग करायचे, म्हणजे मध्ये बांध तयार होतो आणि लाट बांधाच्या दोन्ही अंगांना मोकळी हलते. "भाऊबंदकीत एवढी सरळ वाटणी झाली असती तर कोर्टाला टाळं लागलं असतं," भाऊ म्हणाले. त्यांचा स्वतःचा एक बांध कोर्टात आहे.

खरा घोळ झाला डब्यावरून. पहिला डबा श्रीखंडाचा, प्लास्टिकचा. त्यातून अखंड घूंऽऽ असा आवाज. घरातल्या विजेची ५० ची धडधड पट्टीत घुसत होती. दुसरा कुणी वैतागला असता. भाऊंना कळलं, की बेसच्या जाड्या तारेवर तिसऱ्या पडद्याचा सूर ४९ चा आहे. म्हणजे घरात फुकटचा तानपुरा! आठवडाभर त्यांनी विजेच्या सुरावर गिटार लावली. पुढच्या हळदीला बेस किंचित चढा, कीबोर्ड आपल्या जागी, आणि बेंजोवाला दोघांच्या मध्ये घामाघूम. तेव्हापासून पार्टीत ठराव झाला, की सूर कीबोर्डवरून घ्यायचा, मीटरवरून नाही.

घूं थांबवायचं तर धातूचा डबा हवा. भाऊंनी घरभर नजर फिरवली, आणि ती थांबली वहिनींच्या मिसळणाच्या डब्यावर. गोल, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. महाडात डब्याला वेगळा मान आहे. २०२१ च्या जुलैत बाजारपेठेत सावित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा भाऊंच्या दुकानातलं काही म्हणजे काही वाचलं नाही. घरातला हा डबा मात्र दोन दिवसांनी गाळात सापडला तेव्हा झाकण तसंच लागलेलं, आतली हळद कोरडी. त्याच गाळातून निघालेला एक स्पीकर भाऊंनी धुऊन, वाळवून लावला तेव्हा त्याचा फाटका कोन ज्या आवाजात बोलला, तो आवाज त्यांच्या कानातून गेलाच नाही. तिकडे अमेरिकेत लिंक रे या गिटारवाल्याने १९५८ मध्ये स्पीकरला मुद्दाम भोकं पाडली, पुढे इंग्लंडात डेव्ह डेव्हिसने ब्लेडने कोन चिरला, ते याच आवाजासाठी. भाऊ म्हणतात, "आमच्याकडे ते काम सावित्रीनं केलं." हे ते हसत सांगतात. दुकानाच्या भिंतीवरची पाण्याची रेघ त्यांनी अजून रंगवलेली नाही.

वहिनींनी डबा दिला, पण अटीवर. भोकं पाडायची ती बाजूला. झाकणाला स्क्रू नाही. प्रयोग फसला की डबा परत. पायाने दाबायचं बटण बाजारात मिळालं नाही, म्हणून जुन्या स्टॅबिलायझरचा खटका बसवला. तो हातानेच ओढावा लागतो. त्यामुळे ओव्हरड्राइव्ह सुरू करायचा तर भाऊंना भर मंडपात जमिनीपर्यंत वाकावं लागतं. पहिल्याच कार्यक्रमात समोर नवरीची आजी बसली होती. भाऊ गाण्यागणिक दोनदा वाकले. आजींनी प्रत्येक वेळी आशीर्वाद दिला आणि शेवटी अकरा रुपये हातावर ठेवले. पेडलची आजवरची रोख कमाई तेवढीच.

मग आली पोलादपूरची हळद. उमरठच्या वाटेवरची एक वाडी, मे महिना, मांडवात आंब्याचे टाळे. मी हौसेने गेलो होतो. आठच्या सुमारास भाऊ वाकले, खटका ओढला, आणि खरं सांगतो, बेस ऐकू आला. ढोलाच्या वर आला. छातीत आला. पोरं नाचायची थांबून भोंग्याकडे बघायला लागली. भाऊंनी डोळे मिटले. त्याच वेळी आतून हळद संपल्याची हाक आली. नवऱ्याची आत्या लगबगीने मांडवात आली, इकडेतिकडे बघितलं, आणि भाऊंच्या पायाशी तिला चक्क मिसळणाचा डबा दिसला. तिने झाकण उघडलं.

झाकण निघाल्याबरोबर घूंऽऽ परत. आत्या डब्यात डोकावली. आठ पायांची काळी आयसी, शेजारी लाल डोळे मिचकावणारे एलईडी.

"अगं बया! ह्यात किडं पडल्यात!"

पुढचं सगळं ढोलवाल्यांनी सावरलं. भाऊंनी गुडघ्यावर बसून झाकण लावलं, आत्याची समजूत वहिनींनी काढली, हळद शेजारच्या घरातून आली. जेवताना यजमान आपुलकीने म्हणाले, "भाऊ, तुमचं वाजवणं झ्याक. पण तेवढा स्पीकर बघून घ्या, फाटलाय." बेंजोवालाही तेच म्हणाला. टेम्पोवालाही. भाऊ मुकाट्याने जिलेबी खात राहिले. फक्त कॉलेजातला एक पोरगा ताट घेऊन जवळ आला आणि हळूच विचारलं, "काका, पेडल कुठला?"

भाऊ म्हणाले, "मिसळणाचा."

परतीच्या टेम्पोत ते मला कॅपॅसिटर आणखी एक बदलायचा आहे असं सांगत होते. वहिनींनी नवा डबा घेतलाय आणि तो कुलपात असतो.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. येत्या लग्नसराईत महाड-पोलादपूरकडे हळदीला गेलात आणि बेसचा आवाज फाटल्यासारखा आला, तर साउंडवाल्याला सांगायला धावू नका. बाजूला एक माणूस वाकून उभा असेल. त्याला जाऊन पेडल कुठला ते विचारा. आणि डब्याचं झाकण उघडू नका.