कोटोरचा गड आणि जहाजाचं घड्याळ

कोटोरचा किल्ला उन्हाळ्यात चढायचा तर पहाटे चढावा. गावाच्या पाठीशी पूर्वेला सरळ उठलेला कातळ आहे आणि तटबंदी त्याच्या पश्चिमेच्या अंगावर चढत गेली आहे. त्यामुळे सूर्य डोंगर ओलांडून येईपर्यंत सगळी वाट सावलीत असते. एकदा तो वर आला की मावळेपर्यंत तीच वाट तापत राहते. पांढरा चुनखडीचा दगड, झाड जवळपास नाही, आणि जुलैमधला तिशीच्या वरचा पारा. गावात मुक्कामाला असलेली माणसं उजाडता उजाडता निघतात आणि न्याहारीला खाली परततात. क्रूझवरचा प्रवासी मात्र सावली संपायच्या सुमारास पायथ्याशी येतो, भर दुपारी वर असतो आणि ऊन कलायच्या आत त्याला जहाजावर बोलावलं जातं. उन्हाळ्यातल्या बंदरांचं वेळापत्रक असंच आखलेलं असतं. माझ्या बाकीच्या तक्रारी याच एका तक्रारीतून निघतात. त्या बारीक आहेत, पण एकही सोडून द्यावी असं मला वाटत नाही.

पहिली तक्रार गड दिसायच्याही आधीची. कोटोरचं आखात मॉन्टेनेग्रोच्या किनाऱ्यात जवळजवळ अठ्ठावीस किलोमीटर आत शिरलं आहे. वेरिगेच्या सामुद्रधुनीत दोन्ही काठांमधलं अंतर जेमतेम साडेतीनशे मीटर उरतं. एवढं मोठं जहाज तिथून सावकाश आत सरकतं, आणि समोर पेरास्त गाव आणि त्याच्यापुढची दोन बेटं येतात. त्यातलं एक माणसांनी घडवलेलं आहे. १४५२ मध्ये तिथल्या खडकावर मेरीचं चित्र सापडलं अशी लोकांची श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून दगड टाकून, जुनी गलबतं बुडवून लोकांनी ते बेट वाढवलं. आजही दर वर्षी २२ जुलैला संध्याकाळी होड्यांची रांग निघते आणि दगड टाकले जातात. जहाजाच्या डेकवरून हे सगळं पुढून जातं. नेमक्या त्या वेळी आम्हाला आतल्या नाट्यगृहात बसवलं होतं. धक्का दुसऱ्या जहाजाने अडवला होता, म्हणून छोट्या होड्यांनी उतरायचं होतं, आणि कुणी कितव्या होडीत बसायचं त्याच्या आकड्यांच्या चिकट्या तिथे वाटत होते. नाट्यगृहाला खिडकी नाही. चिकटी शर्टाला लावून आम्ही बंद पडद्याकडे तोंड करून बसलो होतो आणि बेटं बाहेरून निघून गेली. चिकट्या आदल्या रात्री खोलीच्या दाराखालून सरकवता आल्या असत्या. बिलं तशीच सरकवतात.

दुसरी, माहितीपत्रकाची. गडाबद्दल त्यात लिहिलं होतं: ‘मध्यम श्रम, सुंदर देखावा.’ शेजारी बुटाचं चित्र. पायऱ्या साधारण १३५० आहेत, माथा समुद्रसपाटीपासून सुमारे २६० मीटरवर आहे, आणि पायथा अगदी समुद्राला लागून असल्यामुळे ही सगळी उंची पायांनीच कमवावी लागते. हे तीन आकडे छापायला एक ओळ पुरते. गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या माणसाला त्या ओळीची गरज असते. रायगडाच्या पायऱ्या किती, हे आपल्याकडे शाळेतली मुलंही सांगतात. ज्याला झेपत नाही तो रोपवेने जातो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. कोटोरलाही २०२३ पासून केबल कार आहे, पण ती लॉवचेनच्या बाजूला, वेगळ्याच डोंगरावर जाते. ही गोष्टही पत्रकात नव्हती. आमच्यातले काही जण किल्ल्यापाशी येऊन केबल कारचं स्थानक शोधत राहिले.

गाव पाहायला सवडच मिळत नाही. समुद्राकडचा दरवाजा १५५५ सालचा, संत ट्रिफनचं कॅथेड्रल ११६६ सालचं. दोन्हींसमोरून आम्ही घड्याळ बघत गेलो. मांजरं मात्र सगळ्यांनी पाहिली, कारण ती रस्त्यातून उठत नाहीत.

तिकीट १५ युरो. काही वर्षांपूर्वी ते ८ होतं. पैशाबद्दल माझं काही म्हणणं नाही. एवढी तटबंदी उभी ठेवायची तर पैसा लागतोच. माझं म्हणणं आहे ते वेळेबद्दल. तिकिटाची खिडकी सकाळी आठला उघडते, म्हणजे सगळ्यात चांगले तास तिच्या आधीचे. गावात राहणारा माणूस ते उपभोगतो. जहाजावरचा माणूस पूर्ण दाम मोजून सगळ्यात वाईट तास विकत घेतो, आणि रांगेत त्याच्यापुढे त्याच्याच जहाजावरचे शेकडो लोक असतात.

आता वाट. तिची घडण नीट सांगितल्याशिवाय पुढची तक्रार कळायची नाही. वाट तशी रुंद आहे, पण तिचा बराचसा भाग गोट्यांची ओबडधोबड उतरण आहे आणि पायऱ्या कडेला, अरुंद पट्ट्यात. उतरणीवरचे दगड शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाले आहेत, त्यामुळे प्रत्येकाला पायऱ्याच हव्या असतात. चढणाऱ्याला हव्या कारण दम लागतो, उतरणाऱ्याला हव्या कारण पाय घसरतो. दोघे समोरासमोर येतात आणि थांबतात. आपल्या गडांवर याचा रिवाज ठरलेला आहे: उतरणारा अंग चोरून उभा राहतो, चढणाऱ्याला वाट देतो, आणि जाता जाता दोन शब्द बोलतो. हा रिवाज कुणी लिहून ठेवलेला नाही, वडीलधाऱ्यांबरोबर जाता जाता तो अंगवळणी पडतो. कोटोरला जगभरातून आलेले तीन हजार लोक एका सकाळी उतरतात आणि प्रत्येक जण आपापला रिवाज घेऊन येतो. कुणी डावीकडून, कुणी उजवीकडून, आणि कितीतरी जण मधोमध. हे आवरता येतं. पायथ्याशी एक पाटी लावली आणि जहाजावरच्या सूचनांमध्ये एक वाक्य घातलं, तरी काम होईल. लाइफ जॅकेट कसं घालायचं हे आम्हाला नीट शिकवलं गेलं, आम्ही ते शिकलोही. पायरीवर कसं चालायचं हेही शिकलो असतो.

वाटेतच थांबून फोटो काढणाऱ्यांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. देखावा दर वळणावर आहे, थोडं पुढे सपाट जागा आहे, तिथे कठडा आहे. तरी माणूस अरुंद पायरीवरच थांबतो, पाठ दरीकडे करतो, हात लांब करतो, आणि त्याच्यामागे वीस माणसं उन्हात खोळंबतात. त्यात धाप लागलेले म्हातारे असतात. चढणीवर लय तुटली की ती पुन्हा बांधायला शंभरेक पावलं लागतात. ज्याने एकदा तरी गड चढला आहे त्याला हे ठाऊक असतं, म्हणूनच तो कडेला होऊन थांबतो.

पाठीवरच्या पिशवीत स्पीकर लावून चढणारे तिथेही भेटले. राजगडावर भेटतात, हरिश्चंद्रगडावर भेटतात, आणि इतक्या दूर येऊनही सुटका झाली नाही. कोटोरच्या तटात आवाज घुमतो. एकाचं गाणं खालच्या दोन वळणांना आणि वरच्या दोन वळणांना ऐकावं लागतं.

मग ‘अजून किती?’ हा प्रश्न. चढणारा उतरणाऱ्याला तो विचारतो, आणि उतरणारा जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातला असो, हसून सांगतो, “झालंच, पाच मिनिटं.” यामागे चांगुलपणा असतो हे मला मान्य आहे. पण त्या पाच मिनिटांच्या भरवशावर माणूस उरलेलं पाणी पिऊन टाकतो. आमच्यापुढे नाशिककडच्या एक काकू होत्या, यात्रा कंपनीबरोबर आलेल्या. त्यांना तीन वेगवेगळ्या माणसांनी पाच मिनिटं सांगितली होती. मी जवळ आलो तेव्हा त्या तटाला टेकून उभ्या होत्या.

“दादा, तुम्ही तरी खरं सांगा. किती राहिलं?”

मी म्हटलं, “काकू, ते वर देऊळ दिसतंय ना, ते निम्म्याच्याही अलीकडे आहे. माथा त्याच्या खूप वर. देवळापर्यंत आरामात जाल. पुढचं तिथे बसून ठरवा.”

“मग हे आधी का नाही कुणी सांगत?” त्या म्हणाल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं, पिशवीतून लिमलेटची गोळी काढून मला दिली आणि चालू लागल्या. त्यांचा प्रश्न रास्त आहे. ठरावीक अंतरावर दगडावर आकडा रंगवला किंवा छोटी पाटी लावली, इतकी पावलं झाली आणि इतकी उरली, तर कुणालाच कुणाची खोटी समजूत घालावी लागणार नाही.

ते देऊळ म्हणजे ‘अवर लेडी ऑफ रेमेडी’चं चर्च, १५१८ सालचं. जहाजाने विकलेली मार्गदर्शकासह सफर तिथेच संपते. मार्गदर्शक झेंडी उंच करतो, फोटोसाठी दहा मिनिटं देतो आणि सगळ्यांना खाली वळवतो. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. चर्च सुंदर आहे आणि तिथून खाली लाल कौलांचं गावही छान दिसतं. पण किल्ला पाहायला म्हणून पैसे घेतले, आणि किल्ला तर त्याच्या वर सुरू होतो. व्हेनिसने १४२० ते १७९७ हे गाव सांभाळलं. गावाला वेढून डोंगरावर चढलेली ही तटबंदी साडेचार किलोमीटर लांब आहे आणि तिचं आजचं रूप मुख्यतः त्या काळातलं. १६५७ मध्ये ऑटोमन फौजांनी कोटोरला वेढा घातला आणि त्यांना तो उठवावा लागला. त्याच वर्षी इकडे शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली होती. वरच्या बुरुजावर उभं राहून हे दोन्ही मनात आणलं की अंगावर काटा येतो, आणि त्यासाठी त्या बुरुजावर जावं लागतं. १५ एप्रिल १९७९ च्या भूकंपाने गाव आणि तट दोन्ही हादरले. त्याच वर्षी कोटोर युनेस्कोच्या यादीत गेलं, आणि धोक्यातल्या वारशांच्या यादीतही गेलं. तिथून ते २००३ मध्ये बाहेर आलं. पुढे २०१७ मध्ये व्हेनिसच्या संरक्षक बांधकामांबरोबर या तटाला पुन्हा मान मिळाला. आपले रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग धरून बारा किल्ले २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा आपल्याला किती आनंद झाला होता! असा किल्ला अर्ध्यावर दाखवून लोकांना परत फिरवणं हा त्या किल्ल्याचा अपमान आहे, असं माझं मत आहे.

चर्चनंतर गर्दी एकदम विरळ होते. पायऱ्या जास्त तुटक्या, झुडपं जास्त दाट. पाणी विकणारा एखादा स्थानिक माणूस थंडपेटी घेऊन तटाच्या सावलीत बसलेला असतो. पाणी महाग आहे, पण ती पेटी त्याने स्वतः वाहून आणलेली असते, म्हणून मी घासाघीस केली नाही. त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर रिकाम्या बाटल्या तटाच्या भोकांत खोचलेल्या होत्या. तिथून कधी काळी बंदुका रोखल्या जात. भरलेली बाटली जो वर आणतो त्याला रिकामी खाली नेणं जड का व्हावं, हे मला सिंहगडावरही कळलेलं नाही.

माथ्यावर पडक्या बराकी आहेत आणि ध्वज आहे. खाली त्रिकोणी गाव, एका बाजूला श्कुर्दा नदी, समोर दोन डोंगरांमध्ये वळत गेलेलं निळं पाणी. आणि त्या पाण्यात मधोमध आमचं जहाज. गावातल्या कुठल्याही घंटाघरापेक्षा उंच, पांढरं, वर पोहण्याचा तलाव आणि घसरगुंडी. ते चौकटीबाहेर ठेवून फोटो काढावा म्हणून मी बुरुजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. जमलं नाही. मी त्याच्यातूनच आलो होतो, त्यामुळे ते तिथे असणारच होतं हे मान्य. पण इतक्या चिंचोळ्या आखातात इतकं मोठं जहाज आणू नये, असं तिथे उभं राहिल्यावर मला मनापासून वाटलं आणि अजून वाटतं. लहान जहाजाने येणारा प्रवासी कमी पाहतो असं थोडंच आहे?

माथ्यावर मिळालेला वेळ एवढाच: धाप ओसरली, घोटभर पाणी प्यायलो, आणि बायकोने घड्याळ दाखवलं. जहाज पाचला सुटणार, पण साडेचारला सगळे आत हवेत. त्याआधी छोट्या होडीची रांग, आणि ती रांग तासाभराची असते असं सकाळीच सांगितलेलं. म्हणजे उतरायला तिनाच्या आधीच लागायचं. माथ्याच्या खालच्या तटाला एक खिडकी आहे, तिच्यातून बाहेर पडलं की त्सेटिन्ये गावाकडे जाणारी जुनी खेचरांची वाट दिसते, डोंगरावर एकामागून एक वळणं घेत गेलेली. ती मला चालायची होती, निदान पहिल्या काही वळणांपर्यंत. खिडकीतून डोकावून मी परत फिरलो.

जहाजावर रात्री अभिप्रायाचा फॉर्म आला. उशी मऊ होती का, सूप गरम होतं का, खोली साफ करणाऱ्याचं वागणं कसं होतं. सगळ्याला मी चांगले गुण दिले, कारण ते सगळं खरंच चांगलं होतं. बंदराबद्दल एकच चौकट होती, दोन ओळींची. मी कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: कोटोरला पहाटे लागा. चिकट्या आदल्या रात्री द्या. पायऱ्यांचा आकडा छापा. सफर माथ्यापर्यंत न्या, नाहीतर तिला किल्ल्याची सफर म्हणू नका. महिनाभराने उत्तर आलं, पुढच्या प्रवासावर दहा टक्के सवलत देऊ केली आहे. मी परत लिहिलं आहे, सवलत नको, सकाळचे दोन तास द्या.