तलावाला आडोसा

यवतमाळच्या बाहेर फार्महाऊसवर तरणतलाव बांधणाऱ्याला पाण्याआधी आडोशाची काळजी लागते. आठ बाय चार मीटर, दीड मीटर खोल तलावात 48 हजार लिटर पाणी मावतं. पाच हजारी टँकरच्या जवळपास दहा खेपा. वऱ्हाडच्या मे महिन्यात त्यातलं रोज सेंटिमीटरभर उडालं, तरी तीनशे लिटर गेलेच. 2018च्या उन्हाळ्यात निळोणा, चापडोह ही धरणं आटली आणि शहर टँकरमागे धावलं. शेजाऱ्यांना ते आठवतं. म्हणून झाडी दाट हवी.

बांबू झटपट वाढतो, पण वर्षभर पानं तलावातच टाकतो. अशोक उंच वाढतो, पण वेळ घेतो. कोनोकार्पस सदाहरित आणि दाट. गुजरातने 2023मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे नर्सरीवाला सांगेलच असं नाही. फुकटात हवं तर नाल्याकाठची बेशरम आहे. फांदी खोचली की फुटते, ढोरं तोंड लावत नाहीत आणि मालकालाही शोभते.

फक्त एक ध्यानात ठेवा, साहेब. पोहणारा झाडाआड लपतो. फाटकातून आत जाणारा टँकर मात्र साऱ्या गावाला दिसतो.