तपासणीचा मुहूर्त

लोडशेडिंगच्या दिवसांत आमच्या घरी विंडोज ९८चा संगणक होता. वीज गेली की तो आडवा व्हायचा, आली की उठायचा आणि उठल्याउठल्या आमचीच कानउघाडणी करायचा: मला नीट बंद केलं नाहीत, म्हणून डिस्क तपासावी लागतेय, पुढच्या वेळी नीट बंद करा. नानांना हे फार झोंबायचं. "अरे, वीज गेली होती म्हणून सांग की त्याला! आम्हाला कसली शिस्त शिकवतो?" मग स्कॅनडिस्कची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागे. ती टोकाला पोचायच्या आत वीज पुन्हा जाई.

ऑफिसात लिनक्स होतं. त्याचा खाक्या गाडीच्या सर्व्हिसिंगचा. डिस्क ठरावीक वेळा जोडली गेली किंवा १८० दिवस भरले, की दुखो न दुखो, तपासणी! तत्त्व उत्तम, पण ते १८० दिवस भरले नेमके साहेबांपुढे सादरीकरण असताना. अकरा टक्के झाले तेव्हा साहेबांनी चहा मागवला. चहा संपला तेव्हा चौदा. पुढे लिनक्सवाल्यांनीच नव्या डिस्कवर ही मोजदाद आपोआप करणं सोडून दिलं. आमच्यासारख्या कुणाचा तरी चहा त्यांना बाधला असावा.

घरी मग एक्सपी आली. ती बिचारी मवाळ. डिस्क तपासायला हवी, नको असेल तर दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबा, म्हणायची. दहा सेकंदांत मी आयुष्यात दुसरा कुठलाच निर्णय घेतलेला नाही. हा मात्र दुसऱ्याच सेकंदाला घ्यायचो.

असं वर्षभर चाललं. एकदा बटण दाबायला विसरलो आणि तपासणी पार पडली. धाकट्याच्या लग्नाच्या फोटोंच्या जागी 'फाइल शून्य-शून्य-शून्य-शून्य डॉट सीएचके' अशा नावांचे बेवारस तुकडे निघाले. नाना म्हणाले, "लग्न झालं होतं ना नक्की?"

तेव्हापासून मुहूर्त मीच काढतो: महिन्यातल्या एका शनिवारी, रात्रीची जेवणं झाल्यावर, कुणालाच घाई नसताना. आणि त्याआधी फोटोंची दुसरी प्रत काढून कपाटात ठेवतो. कारण तपासणीनं डिस्कवरच्या याद्या जुळतात. गेलेले फोटो परत येत नाहीत.