रा. रा. इतर खर्च यांस, सा. न. वि. वि.

प्रति,
रा. रा. इतर खर्च,
गौणशीर्ष ८००, भारताचा एकत्रित निधी,
मुक्काम जवळपास सर्वत्र.

सदर पत्राचा लेखक हा एक सामान्य करदाता असून यापुढे त्याचा उल्लेख 'अर्जदार' असा केला आहे. आपल्याशी बोलताना 'मी' म्हणायचे धाडस त्याला होत नाही. समोरच्याचेच नाव 'इतर' असताना आपले नाव पुढे करणे उर्मटपणाचे दिसेल.

अर्जदाराची आणि आपल्या धाकट्या भावाची ओळख जुनी आहे. अर्जदाराच्या घरी हिशेबाची वही आहे. त्यात दूध, वाणसामान, गॅस, विजेचे बिल आणि सगळ्यांत खाली 'किरकोळ'. महिनाअखेरीस अर्जदाराची पत्नी 'किरकोळ ११४०' या ओळीवर बोट ठेवते आणि 'म्हणजे काय?' एवढेच विचारते. लेखापरीक्षणाची याहून आटोपशीर पद्धत अर्जदाराच्या पाहण्यात नाही. दोन वडापाव, मित्राला दिलेले उसने पाचशे आणि न लागलेले लॉटरीचे तिकीट, असा सगळा उलगडा पाने वाढायच्या आत होतो.

आपला उलगडा मात्र होत नाही, म्हणून अर्जदाराने आपली कुंडली मांडून पाहिली. सरकारी खर्चातला रुपया सहा पायऱ्यांचा, पंधरा अंकी जिना उतरतो. आधी चार अंकी प्रधानशीर्ष, मग उपप्रधानशीर्ष, मग तीन अंकी गौणशीर्ष आणि त्याखाली आणखी तीन पायऱ्या. २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण, २२१० म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, ५०५४ म्हणजे रस्ते व पूल यांवरचा भांडवली खर्च. शिक्षणावर खर्च झाला हे वरची पायरी सांगते. शिक्षणातल्या कशावर, ते गौणशीर्षाने सांगायचे. नेमके त्याच पायरीवर आपण पाय पसरून बसता. शिक्षणाच्या जिन्यात आपण, शेतीच्या जिन्यात आपण, रस्त्यांच्याही जिन्यात आपणच.

नियम साधा आहे. दुसरे कोणतेही योग्य गौणशीर्ष सापडत नसेल, तरच आपल्याला बोलवायचे. पंगतीत ऐनवेळी आलेल्या पाहुण्यासाठी एक जादा पाट ठेवतात, तसा हा मान. पण कॅगचे म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल वाचले, तर निम्मी पंगत त्या एका पाटावर बसलेली दिसते. केंद्राच्या लेख्यांवरच्या अहवालांत आणि राज्यांच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालांत, त्यात महाराष्ट्रही आला, ही तक्रार वर्षानुवर्षे येते. काही प्रधानशीर्षांतला निम्म्याहून अधिक खर्च आपल्या नावे पडतो. मोठमोठ्या योजनाही वित्त लेख्यांत स्वतःच्या नावाने दिसत नाहीत, त्या आपल्या धोतरात गुंडाळलेल्या असतात.

अर्जदार आपल्यावर चोरीचा आळ घेत नाही, हे इथेच स्पष्ट करतो. आपल्या नावावर पडलेल्या पैशांतून कदाचित उत्तम दवाखाने उभे राहिले असतील. शंका आहे ती विचारायचे कोणाला आणि कोणत्या नावाने, एवढीच.

आपले एक आप्त आहेत, 'गुप्त सेवा खर्च'. त्यांच्याबद्दल अर्जदाराला आदरच वाटतो. ताकाला जाऊन भांडे लपवायची त्यांना गरज नाही, कारण आपण गुप्त आहोत हे ते अर्थसंकल्पात उघड लिहितात. आपण मात्र छापील खंडांत, भर पानावर, सर्वांसमोर बसून दिसेनासे होता. ही विद्या गुप्तहेरांनाही साधलेली नाही.

नाव असले की काय होते, याचा नमुना २०२३ च्या ऑगस्टमध्ये पाहायला मिळाला. द्वारका एक्स्प्रेसवे, दिल्ली ते गुरुग्राम. मंत्रिमंडळ समितीने भारतमाला योजनेत दर किलोमीटरला १८.२० कोटी रुपये धरले होते आणि या रस्त्याला मंजुरी मिळाली २५०.७७ कोटींच्या दराने, असे कॅगने म्हटले. देशभर कल्लोळ झाला. मंत्रालयाला उत्तर द्यावे लागले, की १८.२० हा देशभराच्या मार्गांचा सरसकट दर होता आणि इथे उन्नत मार्ग, बोगदे असे काम आहे. कोणाचे पटले, कोणाचे नाही. पण रस्त्याला नाव होते, दराला आकडा होता, म्हणून भांडण तरी नीट झाले. आपल्याशी असे भांडायचे तर सुरुवात कुठून करायची?

त्याच महिन्यात आपला एक मानसपुत्र प्रकाशात आला. आयुष्मान भारत या आरोग्य योजनेवरच्या कॅगच्या अहवालानुसार तिच्या नोंदींत सुमारे साडेसात लाख लाभार्थ्यांचा मोबाइल क्रमांक एकच होता, ९९९९९९९९९९. लाभार्थी ओळखायला मोबाइल क्रमांक लागत नाही, असा सरकारचा खुलासा होता आणि तो खराही असेल. तरी दहा वेळा नऊ दाबणाऱ्या त्या बोटाला अर्जदार ओळखतो. रकाना रिकामा राहू नये म्हणून काहीतरी भरून टाकायचे, हे आपल्याच घराण्याचे वळण. त्याच अहवालात, नोंदींनुसार आधीच मृत ठरलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेल्याचेही नमूद आहे.

आपल्या घराण्यात नाव घेऊन निघालेला पैसाही वाटेत नाव विसरतो. उपकर घेताना सरकार कारण सांगते, शिक्षणासाठी, रस्त्यांसाठी. २०१८-१९ मध्ये असे ३५ उपकर व आकार मिळून २,७४,५९२ कोटी रुपये जमले. त्या-त्या राखीव निधीत किंवा मंडळाकडे त्यांतले १,६४,३२२ कोटी पोचले, असे कॅगने नोंदवले. उरलेले एकत्रित निधीच्या महासागरात राहिले. जीएसटी भरपाई उपकराबाबत अर्थ मंत्रालयाने ताळमेळाला वेळ लागतो असे म्हटले होते. अर्जदाराची पत्नी हे स्पष्टीकरण ऐकून घेईल, पण वही मिटणार नाही.

आता आपण म्हणाल, संसद आहे ना. आहे. लोकलेखा समितीही आहे आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यायचा चांगला पायंडाही आहे. पण समिती येते खर्च झाल्यावर. खर्चाआधीचा प्रश्न सभागृहाने विचारायचा. २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेत सुमारे ४५ लाख कोटी रुपयांच्या खर्चाला गोंधळात, चर्चेविना, काही मिनिटांत मंजुरी मिळाली. एकीकडे अदानी प्रकरणी संयुक्त समितीची मागणी, दुसरीकडे राहुल गांधींनी माफी मागावी ही मागणी. चर्चेविना सगळ्या मागण्या एकदम मताला टाकायच्या या पद्धतीला संसदीय भाषेत 'गिलोटिन' म्हणतात. फ्रान्समध्ये तिने मुंडकी उडवली, आपल्याकडे प्रश्न उडतात. आपल्याला तर त्या दिवशी कोणी 'म्हणजे काय?' असे विचारलेही नसेल.

'म्हणजे काय?' हे विचारले होते राजस्थानातल्या खेड्यांनी. १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांची हजेरीपत्रके, बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. पुढच्या अशा सुनावण्यांतही तेच. नाव उच्चारले की गर्दीतून आवाज येई, 'हा तर कामावर नव्हताच.' नंतर १९९६ मध्ये माहितीच्या हक्कासाठी ब्यावरला चाळीस दिवसांचे धरणे झाले. महाराष्ट्राने अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर २००२ मध्ये माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा केला आणि २००५ मध्ये देशाला माहितीचा अधिकार मिळाला. हे सगळे घडले, कारण हजेरीपत्रकावर माणसांची नावे होती. 'इतर मजूर, ४२' असे लिहिले असते तर कोट किरान्यात कोण उठून उभे राहिले असते?

म्हणून अर्जदार रीतसर अर्ज करणार आहे. आपल्या पोटात काय आहे, त्याचा तपशील मिळावा. उत्तर काय येऊ शकते तेही त्याला ठाऊक आहे. जी माहिती त्या स्वरूपात ठेवलेलीच नाही, ती नव्याने तयार करून द्यायचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही.

कळावे. लोभ आहेच, तो आणखी वृद्धिंगत होऊ नये, ही विनंती.

आपला,
अर्जदार

ता. क. : सोबत माहिती अधिकाराच्या फीची दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आहे. ही फी कोणत्या लेखाशीर्षात जमा होते ते अर्जदाराने पाहून ठेवले आहे. प्रधानशीर्ष ००७०, 'इतर प्रशासकीय सेवा'. त्याखाली उपप्रधानशीर्ष ६०, 'इतर सेवा'. पोचल्याचे कळवावे.